मळक्या भिंतीचा फोटो

"आवो धर्माना बाप, तवा ठेवा खाले. माले भाकर टाकनी शे."

"थांब जरासी. मी त्यानं बूड देखी ऱ्हायनू."

"बूड? मी नांदाले उनू तव्हयपाईन हाऊच तवा शे ना घरमा? आज दिखना तुमले?"

"आजच दिखना."

"मंग आज त्यालेच खावा."

भाईदासनं तवा काही खाली ठेवला नाही. दारातून आलेल्या उजेडात त्यानं तो पालथा धरला, मग जरा तिरपा केला, मग अजून जरा. दुसऱ्या हातात मोबाईल. तव्याच्या काळ्या बुडावर वर्षानुवर्षांच्या काजळीचे थर बसलेले, मधूनच पोपडा निघून खालचं लोखंड लुकलुकतंय. अमावास्येच्या रात्री शेतात उताणं पडून वर बघावं तसं. हे त्यानं बायकोला सांगितलं असतं तर तिनं तवा हिसकावून घेऊन त्याच्याच पाठीत घातला असता, म्हणून तो गप्प राहिला.

पण "आजच दिखना" हे तो एवढ्या मोठ्यानं बोलला होता की भिंतीपलीकडून शेजारणीचा, भागीरथीचा आवाज आला.

"काय व्हयनं वं प्रमिलाबाई? तवा चोरीले गया का?"

"नही माय. आमना घरधनी त्याले देखाले बसेल शेत. जशी नवरी देखतस तशी."

पलीकडं खो खो हसणं झालं.

भाईदासचा आवाज मोठा, त्याला इलाज नाही. उभी हयात बमरोलीला लूमच्या खात्यात गेली. लूमच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. तिथं माणूस शेजारच्या माणसाशी बोलतो ते एक तर हातवारे करून, नाही तर बोंबलून. अमळनेरकडचं गाव सोडून मिसरूड फुटायच्या आत तो इथं आला. आधी बोबिनी भरल्या, मग कारागीर झाला, लूमची अख्खी रांग एकटा सांभाळायला लागला. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा, धाग्याची तार तुटली की जोड, पुन्हा चाल. कान अर्धे गेले, ते काही वाटलं नाही. मग गुडघे गेले. गुडघे गेल्यावर लूमवाल्याला खात्यात काम नसतं. तेव्हापासून तो डिंडोलीच्या घरात बायकोच्या बरोबरीनं साड्यांचे धागे कापायला बसतो. भरतकामाच्या साडीच्या उलट्या बाजूला लोंबणारे धागे बारीक कात्रीनं कापायचे, घडी घालायची, पोटलं बांधायचं. टेम्पोवाला येऊन जुनं पोटलं नेतो, नवं टाकून जातो.

मोबाईल धर्मेंद्रचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा. पोरानं नवा घेतला आणि जुना बापाला दिला, काचेला एक तडा गेलेला. भाईदासनं आधी त्यावर भजनं ऐकली, पण कान अर्धे, आवाज मोठा ठेवला तर गल्ली ओरडली. मग एका सकाळी कापलेल्या धाग्यांचा रंगीत ढीग दारातल्या उन्हात पडलेला त्याला दिसला आणि त्यानं फोटो काढला. तो त्याला आवडला. तेव्हापासून त्याला घरातली एकेक वस्तू नव्यानं दिसायला लागली. झाडूचा झिजून वाकडा झालेला शेंडा. पाण्याच्या स्टीलच्या माठावर उमटलेली अख्खी खोली, तिच्यात कमान झालेलं दार. दोरीवर वाळत टाकलेल्या गंजिफ्रॉकची भोकं, त्यातून पडलेले उन्हाचे टिपके. हे सगळं रोज होतं. पण तो रोज पहाटे निघून अंधारात घरी यायचा, त्यानं घर दिवसाउजेडी कधी पाहिलंच नव्हतं.

बघायची रीत मात्र जुनीच होती, खात्यातली. ताका, म्हणजे कापडाचा तागा, तपासताना कापड डोळ्यांसमोर सपाट धरलं तर काही कळत नाही. सगळं सारखंच पांढरं. उजेडाला तिरपं धरायचं, मग तुटलेली तार आपण होऊन ओरडते. भाईदास भांडीकुंडी तशीच बघायचा, मान वाकडी करून. गल्लीतली पोरं त्याची नक्कल करायची.

आणि त्याच्या मनात एक खुमखुमी होती. ती शालिग्रामनं पेटवली.

शालिग्राम म्हणजे समाजाच्या कानबाई मंडळाचा अध्यक्ष. श्रावणात नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी खान्देशी माणसाच्या घरी कानबाई देवी बसते. सुरतेत ती घरात बसते आणि समाजाच्या वाडीत, म्हणजे कार्यालयातही बसते. वाडीतल्या मांडवाला दरवर्षी मागून एक छापील पडदा असायचा. एका वर्षी धबधबा, एका वर्षी बर्फाचे डोंगर. यंदा शालिग्रामनं बैठकीत सांगितलं, "औंदा धबधबा नको. आपला घरना फोटो लावूत, कपडावर छापीसन. ज्याले वाटी त्यानं मोबाईलवर धाडा. चांगला ते लावसूत."

कपड्यावर छापून! भाईदास त्या दिवशी नीट जेवला नाही.

त्याचं कारण असं. त्यानं जन्मभर जे कापड विणलं ते कोरं. लूमवरून उतरलं की त्याला ग्रे म्हणतात. ते ताक्याताक्यांनी टेम्पोत चढतं आणि मिलला जातं, तिथं त्याच्यावर फुलं, मोर, काय काय छापलं जातं. कोणतं फूल आपल्या ताक्यावर उमललं हे विणणाऱ्याला कधी कळत नाही. रिंगरोडला कपड्याच्या मार्केटसमोरून जाताना तो काचेतल्या साड्यांकडं बघायचा आणि मनात म्हणायचा, यातली एखादी आपली असेल. असेल, नसेल. कोण सांगणार? आता निदान एकदा, कापडावर जे छापलं जाईल ते आपलं असलं पाहिजे. बस, एकदा.

त्यानं धर्मेंद्रला सांगितलं. धर्मेंद्र पांडेसऱ्याला डिजिटल छपाईच्या मशीनवर काम करतो, मंडळाचे फोटोही तोच छापणार होता. पोराची भाषा सुरतेची. आईशी अहिराणी, मित्रांशी गुजराती, बापाशी सगळ्यांची खिचडी.

"पप्पा, घरमां छे शुं? चलो सापुतारा, मस्त सनसेट मिलेगा."

"सनसेट काय आपला घरना शे?"

"मंग तवा छापशात?"

"छापसू. नही ते दुसरं काही. पन घरनंच."

तव्याचा फोटो त्यानं शालिग्रामला धाडला. उत्तर आलं नाही. झाडूचा धाडला. शालिग्रामनं उलट विचारलं, "भाऊ, चुकीसन उना का हाऊ?" भाईदासनं ते मनाला लावून घेतलं. त्यानं भागीरथीकडून तिचा पितळी हंडा मागून आणला, चिंच लावून घासला, पाटावर ठेवला, गळ्यात झेंडूची माळ घातली. फोटो काढला. शालिग्रामचा लगेच निरोप आला. "एक नंबर! हाऊच लावूत."

झालं की काम! पण भाईदासनं तो फोटो चहा पिताना बघितला, जेवताना बघितला, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, "तो काढी टाक."

"कसाले? इतला चांगला शे!"

"भांडासना दुकानना दिखस. आनि तो मन्हा घरना नही, भागीरथीना शे. तिना घरमा बी तो माळ्यावरच ऱ्हास, चिंध्यासमा बांधेल."

"भाऊ, कानबाई जवय उनी. आते दुसरा कथाइन आनशात?"

"आनसू."

बोलून तर बसला. आणायचा कुठून? त्यानं लसणीची वेणी काढली, लोणच्याच्या बरणीचं फडकं काढलं, उंबऱ्यातल्या चपला काढल्या. काढायचा आणि पुसायचा. हातातली कात्री बाजूला पडून राहायची. प्रमिलाबाई म्हणायची, "तुमना वाटाना धागा बी मीच काटू का?" तो मुकाट दोन साड्या कापायचा आणि पुन्हा मान वाकडी करून घरभर फिरायचा, गुडघे धरत.

इकडं घरात साफसफाई निघाली. कानबाई यायची म्हणजे घराचा कोपरान् कोपरा धुवायचा, गोधड्या खाडीवर नाही तर नळावर बडवायच्या, डबे उन्हात घालायचे, भिंतींना रंगाचा हात फिरवायचा. देवी घरात पाऊल टाकणार, तिला कुठं बोटभर मळ दिसता कामा नये. यात बायकांची आपसात चुरस. कोणाच्या घरी काळी कढई राहिली, कोणाच्या माळ्यावर जाळं राहिलं, हे गल्लीत वर्षभर पुरतं. प्रमिलाबाई या बाबतीत पहिल्या नंबरची. तिनं बादलीत रंग कालवला, कमरेला पदर खोचला आणि बुरूश घेऊन स्वयंपाकाच्या कोपऱ्याकडं निघाली.

"थांब! बुरूश खाले ठेव!"

ती दचकून मागं सरली. "काय शे? पाल शे का?"

"हात शे."

"कोना हात?"

"तुन्हा."

घरात ओटा आहे, पण प्रमिलाबाई ओट्यावर भाकरी करत नाही. उभ्यानं थापलेली भाकर फुगत नाही असं तिचं मत. शेगडी खाली घेऊन, काठवट पुढ्यात घेऊन, मांडी घालून ती कळण्याच्या भाकरी थापते. आणि झाल्या की भाकरीची टोपली एका हातात धरून, दुसरा हात भिंतीला टेकून उठते. गुडघे काय एकट्या भाईदासचेच गेलेत? रोज त्याच जागी हात. पिठाचा हात, तेलाचा हात, हळदीचा हात. गेल्या कानबाईला दिलेल्या रंगावर वर्षभरात एक पंजा उमटला होता. बोटांच्या जागी पीठ बसून बसून जाड झालेलं, मधला तळवा घासून घासून गुळगुळीत, आणि भोवती पिवळट काळी कड. भाईदास त्या भिंतीकडं पाठ करून रोज जेवायला बसायचा. आज पहिल्यांदा दारातल्या उजेडात त्याला तो दिसला.

"तो मय शे," प्रमिलाबाई म्हणाली. "वरीसभरना मय. आठ दिसमा कानबाई घरमा येई, तिले काय मय दखाडू?"

"एक सकाय दे माले. ऊन उनं की फोटो काढसू, मंग ती भित मीच रंगावसू."

"तुम्ही? खाले बसशात ते उठाडी कोन?"

"एक सकाय!"

भिंतीपलीकडं सगळं शांत होतं, म्हणजे भागीरथी ऐकत होती. प्रमिलाबाईनं बुरूश बादलीत आपटला. "एक सकाय. जास्ती नही."

दुसऱ्या दिवशी ऊन दारातून आत आलं आणि जमिनीवरच थांबलं. भिंतीवर चढेना. भाईदासनं दार अजून उघडलं, पायपुसणं काढलं, काही उपयोग नाही. तो जमिनीवर आडवा झाला, गुडघ्यातून कळ निघाली ती दातांखाली दाबली. ऊन जमिनीवर, हात भिंतीवर. मध्ये काहीतरी पाहिजे.

"परात आन."

"त्या परातमा पीठ मयनं शे माले."

"आन ना वं!"

तिनं परात आणली. "उनमा धर. तिरपी. अजून. वर कर. आते हालू नको." परातीतून उन्हाचा एक तुकडा उडाला आणि भिंतीवर आडवा पडला. आडव्या उजेडात पंजा भिंतीतून बाहेर आल्यासारखा उठला. बोटांवरच्या पिठाला भेगा पडलेल्या, कोरड्या रानासारख्या. त्यातली प्रत्येक भेग दिसली.

"हात दुखस मन्हा," प्रमिलाबाई म्हणाली.

"दुखू दे."

"तुम्ही पडेल शेत म्हनीसन बरं शे. उभा ऱ्हातात ते परात डोकामा घालतू."

त्यानं फोटो काढला. एकच. मग तिनं त्याला काखेत हात घालून उठवलं, आणि दोघं मोबाईलवर वाकले. तड्याच्या काचेवर तिनं बोट फिरवलं, जणू पीठ पुसायला.

"मन्हा हात इतला मोठा शे?"

"कामना हात शे."

"बरं," ती म्हणाली आणि सरळ झाली. "देखा. आते कोनले दखाडानं नही."

भाईदासला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. पण आलं होतं.

"आवं, वाडीमा लावना शे हाऊ!"

"कानबाईना मांडवमा? मन्ही मळकी भित? बठ्ठा समाज देखी. बाया म्हनतीन, प्रमिलाबाईना घरमा इतला मय. सासरमाहेरना मुकावर डांबर फासशात का?"

"मय नही तो."

"तुमले नही वाटस. बायासले इचारा."

ती बोलली ते खोटं नव्हतं, हे भाईदासलाही कळत होतं. तो पुरुष, त्याच्या नावानं भिंत मळत नाही. त्यानं कबूल केल्याप्रमाणं भिंत रंगवायला घेतली. खाली बसून अर्धा पंजा झाकला, मग वरची बोटं झाकली. बुरूश फिरवताना तो म्हणाला, "लावूत ना." ती म्हणाली, "नही." संध्याकाळी धागे कापताना म्हणाला, "लावूत ना." "नही." दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला, दुपारी जेवताना, रात्री अंथरूण टाकताना. त्याचं हळू बोलणं म्हणजे गल्लीभर, त्यामुळं भागीरथीलासुद्धा पाठ झालं. भाईदास चिडला नाही, रुसला नाही, बायकोच्या नकळत फोटो धाडण्याचा विचारही त्यानं केला नाही. हात तिचा होता. पण विचारायचं सोडलंही नाही. तुटली तार जोडावी तसं तो पुन्हा पुन्हा तिथंच यायचा.

शेवटी तीच दमली.

"लावा. पन नाव नही टाकानं."

"तुन्हं नाव कसाले टाकसू?"

"तुमनं बी नही. तुमनं नाव म्हंजे मन्ही भित. येडा लोक शेत का गल्लीमा?"

हे त्याला लागलं. कापडावर आपलं काही छापलं जाईल आणि ते आपलं आहे हे कोणालाच कळणार नाही. म्हणजे पुन्हा ग्रेचाच ताका! त्यानं कात्री घेतली आणि सबंध पोटलं कापून काढलं. मग म्हणाला, "बरं. नाव नही."

"आनि कोनी इचारं तरी सांगानं नही."

"सांगावू नही. शबद दिधा."

शालिग्रामला त्यानं फोटो धाडला, खाली नाव नको म्हणून बजावलं. शालिग्राम म्हणाला, हे काय आहे ते कळत नाही, पण बघत राहावंसं वाटतं, लावू.

छापायच्या दिवशी भाईदास रिक्षा करून पांडेसऱ्याला गेला. गुडघ्यांनी शिव्या दिल्या, पण गेला. मशीनवर पांढरं कापड सरकत होतं, वर मशीनचं डोकं इकडून तिकडं, इकडून तिकडं, लूमच्या धोट्यासारखं, फक्त आवाज नाही. आधी बोटांची टोकं आली. मग बोटं. मग तळवा. कोऱ्या कापडातून बायकोचा हात पुरुषभर मोठा होऊन बाहेर आला. धर्मेंद्र बापाच्या तोंडाकडं बघत होता. बापानं कापडाची कड चिमटीत धरली, उजेडाला तिरपी केली आणि ओरडला,

"आठे तार तुटेल शे!"

"अरे पप्पा, फोटो जुओ ने!"

"फोटो देखा. तार बी देखी. कोना खातानं कापड शे हाई?"

पण कड त्यानं सोडली नाही. कापड सुकेपर्यंत धरून उभा राहिला.

रविवारी वाडीत कानबाई बसली. चौरंगावर कलश, त्यावर नारळाचा मुखवटा, नथ, हिरवी साडी, दिव्यांच्या माळा. ओटी भरायला बायकांची ही मोठी रांग. मांडवाच्या दोन्ही बाजूंना कापडावरचे फोटो. कोणाच्या गावचं जातं, कोणाच्या ओसरीवरचा झोका, कोणाचं तुळशीवृंदावन. आणि मधोमध तो हात. भाईदास समोर खुर्ची टाकून बसला होता, साधा प्रेक्षक असल्यासारखा. प्रमिलाबाई रांगेत, डोक्यावर पदर, हातात ओटीचं ताट.

आधी एक बाई थांबली. मान वाकडी करून बघितलं. दुसरी थांबली. मग कुजबूज सुरू झाली आणि कुजबुजीतून भागीरथीचा आवाज फाटला.

"ओ माय! हाई ते मन्ही भित शे!"

"तुन्ही कथाइन?" दुसरी म्हणाली. "तो पोपडा देख. मन्हा घरना शे तो. गॅसना बाजूना."

"मन्हा बी आसाच व्हता. परवाच धुया मी."

एकीचं बघून दुसरी, दुसरीचं बघून तिसरी. ज्या ज्या बाईनं कानबाईसाठी भिंत घासली होती तिला तिला त्या कापडावर आपलाच कोपरा दिसायला लागला. कोणी येऊन चोरून फोटो काढला, हे सगळ्यांना एकदम पटलं. आणि मान वाकडी करून फोटो काढणारा माणूस डिंडोलीत एकच.

भागीरथी खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. "भाईदासभाऊ, मी भाजी लेवाले गयेल व्हतू तव्हय मन्हा घरमा घुसनात का?"

"नही बहिन. ती तुन्ही भित नही."

"मंग कोनी शे?"

भाईदासनं रांगेकडं पाहिलं. प्रमिलाबाई पाठमोरी होती. तिच्यापुढं चार-पाच बाया. तिनं मान वळवली नाही.

"ते मी सांगावू नही."

"देखा! देखा कसा बोलस!"

शालिग्राम धावत आला. त्यानं दोघींची, चौघींची समजूत काढायचा प्रयत्न केला, मग भाईदासजवळ वाकून म्हणाला, "भाऊ, देवीना मांडव शे. बाया नाराज व्हयन्यात. उतारी टाकूत. नही ते सांगा कोनी शे, वाद मिटी जाई."

सांगितलं तर शब्द गेला. नाही सांगितलं तर कापड गेलं. शालिग्राम शिडी घेऊन आलासुद्धा. भाईदास खुर्चीच्या दांड्यावर जोर देऊन उठला, गुडघे कुरकुरले, आणि कापडाला पाठ लावून उभा राहिला.

"आठे शिडी लागाव नही."

"भाऊ, आयका..."

"मी आयकस कमी, ते तुले म्हाईत शे. कोनी भित शे ते सांगावू नही, आनि कापड उतारू देवावू नही. आते काय करनं ते कर."

सगळी वाडी थांबली. कानबाईची गाणी म्हणणाऱ्या बायासुद्धा उठून बघायला आल्या. एवढ्यात रांगेत प्रमिलाबाईचा नंबर आला. तिनं ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. हळदकुंकू लावलं. सावकाश वाकून नमस्कार केला. घाई नाही. मग ताट काखेत धरून तरातरा चालत आली आणि नवऱ्याकडं न बघता भागीरथीसमोर उभी राहिली.

"भाकरी करीसन उठस तव्हय कोनता हात टेकस वं तू?"

भागीरथी गोंधळली. "हाऊ." तिनं उजवा वर केला.

"मंग अंगठा देख कोनीकडे शे. हाऊ डावा शे. मन्हा उजव्या हातमा टोपली ऱ्हास. ती मन्ही भित शे."

माघार घेणं भागीरथीच्या रक्तातच नाही.

"मी बी कव्हय कव्हय डावाच टेकस," ती म्हणाली.

"कव्हय कव्हय टेकीसन आसा हात उमटस का? त्याले वरीस लागस. रोज टेकना पडस."

"म्हंजे मी रोज भाकर नही करस का?"

"करस. पन पोर्गीकडून थापी लेस, ते बठ्ठासले म्हाईत शे."

हशा झाला. भागीरथीसुद्धा हसली, पण फोटोकडं बघून पुटपुटली की पोपडा मात्र आमच्या घरचाच आहे. मघाशी जी भिंत कोणालाच नको होती ती आता तीन-चार जणी आपली म्हणून सांगायला लागल्या. शालिग्रामनं शिडी भिंतीला टेकवली आणि घाम पुसला.

"मंग वहिनी, नाव टाकू का?"

"टाका. प्रमिलाबाई भाईदास पाटील. नीट लिखा. आनि खाले लिखा, भित आते रंगावेल शे."

"आनि फोटो कोनी काढा ते?" भाईदास मागून बोलला. अजून तो कापडाला पाठ लावूनच उभा होता.

"तुमनं नाव मन्हा नावमाच शे," प्रमिलाबाई म्हणाली. "आनि फोटो कोनी काढा ते लिखाले कसाले पाहिजे? आते तुम्हीच सांगत फिरशात. तुमना आवाज तापीना त्या काठले आयकू जास."

शालिग्रामनं तरी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात दोघांचीही नावं लिहिली. भिंत रंगवल्याचंही लिहिलं. भाईदास बाजूला झाला तेव्हा त्याच्या सदऱ्याच्या पाठीची घडी कापडावर उमटली होती. ती त्यानं तळहातानं सरळ केली.

सोमवारी वाजतगाजत कानबाई विसर्जनाला तापीवर गेली. मंगळवारी सकाळी टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला आणि दारात दोन पोटली टाकली. जांभळ्या साड्या, पाठीमागं नुसतं धाग्यांचं रान. व्यापाऱ्याला उद्या पाहिजेत म्हणे.

भिंतीपलीकडून भागीरथी म्हणाली, "भाऊ, मन्हा घरमा बी या एकदाव. मन्ही खिडकी देखा. तिना गजसले काय काय बांधेल शे मी."

"काय काय बांधेल शे?"

"या ना, मंग दिखी."

"सांजले येस. परात घासी ठेव."

"धर्माना बाप," प्रमिलाबाई म्हणाली, "मोबाईल ठेवा तो. उद्या माल देना शे."

भाईदासनं दारात गोणपाट टाकलं, भिंतीला धरून खाली बसला, पोटल्याची गाठ दातांनी सोडली. वरची साडी ओढली, उलटी केली, उजेडाला तिरपी धरली आणि पहिला धागा कापला.